आबांची कबर कुठे आहे?

चिनू,

काल २ नोव्हेंबरला, इथल्या मृतांच्या दिवशी, तू मैत्रिणीच्या नोन्नाबरोबर, म्हणजे आजीबरोबर, फ्लॉरेन्समधल्या त्रेस्पियानोच्या दफनभूमीत जाऊन आलीस. घरी येऊन बूट काढता काढताच विचारलंस, "आई, आबांची कबर कोल्हापुरात कुठे आहे? आपण गेलो की मी तिथे शेवंती ठेवणार." तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहिते आहे. एखादा शब्द अडला तर आजीला फोनवर विचार, तिला आवडेल.

आबांना कबर नाही. पंचगंगा नदीच्या काठी, घाटाजवळ, महापालिकेची स्मशानभूमी आहे. आबांना तिथे अग्नी दिला. गंमत बघ, दहन असलं तरी कोल्हापुरात लोक म्हणतात "मातीला जाऊन आलो". मामाचा मला फोन आला, "संध्याकाळी माती आहे," तेव्हा मी इथे फ्लॉरेन्सच्या स्टेशनवर उभी होते. मी मातीला पोचू शकले नाही. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला पोचले.

ती सकाळ तुला सांगते. आबांच्या जागेवर राख होती, अजून कोमट. मामाने तिच्यावर पाणी आणि दूध शिंपडलं. मग सगळ्यांनी मिळून अस्थी वेचून मडक्यात ठेवल्या. याला सावडणं म्हणतात. तुमच्या नोन्नाने भिंतीतले ते छोटे छोटे चौकोन दाखवले ना? इथे साधं जमिनीत पुरलं तर साधारण दहा वर्षांनी अस्थी काढून तशा कप्प्यात ठेवतात. म्हणजे इथेही सावडतात, फक्त फार उशिरा. नंतर आबांच्या आवडीचं सगळं पानावर ठेवलं आणि आम्ही लांब जाऊन उभे राहिलो, कावळा शिवायची वाट बघत. आजीने भडंग ठेवलं होतं, आणि मोठ्या कपात चहा. कावळा आधी भडंगालाच आला. आजी पहिल्यांदा तेव्हा रडली.

राख आम्ही नदीत सोडली नाही. पंचगंगा आधीच खूप सोसते आहे, म्हणून आता पुष्कळ घरं राख शेतात टाकतात किंवा झाडाच्या मुळाशी घालतात. आबांची मामाच्या शेतात, बांधावरच्या आंब्याखाली आहे. आंबा लहान आहे अजून, तुझ्यापेक्षा थोडाच उंच.

एक गोष्ट मला कोल्हापूरची फार मोठी वाटते. तिथे अंत्यविधीचे पैसे घेत नाहीत. कुणाचेच नाहीत. बंगलेवाला असो की फुटपाथवरचा, महापालिका मोफत करते. आणि चिता मुख्यतः शेणींची असते, लाकूड थोडं. शेणी म्हणजे शेणाच्या वाळवलेल्या गोवऱ्या. आता गॅसदाहिनीही आहे. या शेण्या पुष्कळदा लोकच देतात. होळीला पेठांतली मंडळं होळी लहान करतात आणि उरलेल्या शेण्या स्मशानभूमीला पोचवतात. आजी दरवर्षी होळीच्या दिवशी घरातल्या पाच शेण्या बाजूला काढते, मंडळाची पोरं येऊन घेऊन जातात. आबांच्या चितेत कुणाकुणाच्या घरच्या शेण्या होत्या, ते आपल्याला कधीच कळणार नाही. आजीच्या कुणाला गेल्या तेही नाही.

पावसाळ्यात महापूर आला की स्मशानभूमीतही पाणी येतं. मग माती कदमवाडीला, कसबा बावड्याला नाहीतर बापट कॅम्पला करतात.

सगळे जाळतात असं मात्र समजू नकोस. तुझ्या पाटील आजी लिंगायत होत्या, त्यांना मातीतच ठेवलं, बसवून, हातात इष्टलिंग देऊन. मुसलमानांची आणि ख्रिश्चनांची दफनभूमी वेगळी. अगदी तान्ह्या बाळालाही आपल्याकडे पुरतात, जाळत नाहीत.

आता शेवंतीचं. आपल्याकडे शेवंतीची वेणी अंबाबाईला वाहतात, बायका केसांत माळतात. इथे ती मेलेल्यांचं फूल. म्हणूनच तुझ्या बाईंच्या वाढदिवसाला मी ती घेऊ दिली नव्हती. आबांना शेवंती आवडायची, दोन्हीकडचा विचार केला तरी चालेल.

आणि तुला ठेवायचीच असेल तर कोल्हापूरपर्यंत थांबायला नको. आपण सायकलने काशिने बागेच्या टोकाला जातो ना, जिथे मुन्योने नदी आर्नोला मिळते? तिथे छत्रीखाली फेटेवाल्याचा पुतळा आहे. तू त्याला "इंदियानो", म्हणजे भारतीय, म्हणतेस. ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० मध्ये इंग्लंड बघून परत निघाले होते. वाटेत आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला इथेच गेले. वय फक्त वीस. या शहरात तेव्हा कुणाला जाळत नव्हते. बरोबरच्या माणसांनी खास परवानगी मिळवली आणि रात्री त्या संगमावर चिता रचली, कारण आपल्याकडे नद्यांचा संगम पवित्र मानतात. १८७४ मध्ये तिथे ते स्मारक झालं. त्याची छत्री चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुरचनाकाराने आखली, त्यानेच कोल्हापूरचा नवा राजवाडाही आखला. पंचगंगेच्या घाटावर त्यांच्या घराण्यातल्या इतरांच्या समाध्या आहेत, आबा मला लहानपणी फिरायला नेऊन एकेक दाखवायचे.

आबा गेले त्या दिवशी स्टेशनवरून मी घरी आले नाही, आधी तिथे गेले. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. कोल्हापूरच्या कुणाजवळ तरी बसावंसं वाटलं, आणि या गावात तेवढे एकच होते.

रविवारी सकाळी जाऊ. शेवंती मी शनिवारी बाजारातून आणते, पिवळी. भडंग डब्यात संपलंय, पण आजीने पाठवलेल्या पिशवीत आहे थोडं, तेही घेऊ.

तुझी
आई