पाटीवरची उर्दू राहील, पण खोलीचा करार कुठंय?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, सासऱ्यांनी ट्रस्ट करून उर्दू वाचनालय काढलं, ते नगर परिषदेच्या खोलीत आहे, सासरे तीन वर्षांपूर्वी वारले, आता सगळं ताई बघतात आणि संध्याकाळी इंग्लिश मीडियमच्या पोरांना उर्दू लिहायला वाचायला शिकवतात. दारावर मोठ्ठं उर्दू नाव, खाली बारीक मराठी. कुणीतरी तक्रार केली आणि मुख्याधिकाऱ्यांचं पत्र आलं की राजभाषा कायद्यानुसार उर्दू फलक 7 दिवसांत काढा, क्लासला परवानगी आहे का ते कळवा, आणि खोलीचे कागद सादर करा. ताई विचारतायत, उर्दू लिहिणं आता गुन्हा झालाय का?

नाही झालेला. आणि यासाठी लांब जायची गरज नाही, तुमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या पातूरला हेच झालंय. तिथे तर खुद्द नगर परिषदेच्या इमारतीवर मराठीखाली उर्दूत नाव होतं, ही पद्धत 1956 पासूनची, त्यावर एका माजी नगरसेविकेने हरकत घेतली, प्रकरण नागपूर खंडपीठातून सुप्रीम कोर्टात गेलं आणि 15 एप्रिल 2025 ला निकाल लागला की 2022 चा स्थानिक प्राधिकरणं राजभाषा कायदा मराठी वापरा म्हणतो, सोबत दुसरी भाषा लिहू नका असं कुठेच म्हणत नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे हेही कोर्टाने सुनावलं. शिवाय तो कायदा नगर परिषदेच्या स्वतःच्या कामकाजाचा आहे, तुमच्या ट्रस्टच्या पाटीचा नाही. (गंमत बघा, तुम्हाला आलेल्या त्या पत्रातच तक्रार, मुदत, इमारत हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले, उर्दूतही तेच. ते काढले तर पत्रात फक्त सही शिल्लक राहील, आणि सहीसुद्धा तिकडूनच आलीय!)

पण ताई, तुमची पाटी चुकलीय हेही सांगतो. दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात 2022 ला दुरुस्ती झाली, त्यानुसार नाव आधी देवनागरीत मराठी हवं आणि ती अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. वाचनालयाला हा कायदा लागतो का यावर वाद घालता येईल, पण मी म्हणेन घालूच नका, पेंटरला बोलवा, वर मराठी मोठं, खाली उर्दू तेवढंच, विषय संपला. रंगवायच्या आधी जुन्या पाटीचा फोटो तेवढा काढून ठेवा.

क्लासचं सोपं आहे. आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याची, मान्यता शाळेला लागते, तासभर अलिफ-बे गिरवून घेण्याला नाही. घटनेच्या कलम 29 मध्ये भाषा आणि लिपी दोन्ही जपायचा हक्क स्पष्ट लिहिलाय, आणि ही पोरं घरी उर्दू बोलतातच, अडतं ते लिपीपाशी, म्हणजे तुमचा क्लास अगदी त्यातच बसतो.

आता खरी भानगड. तुम्ही पत्रातल्या पहिल्या ओळीवर चिडलात, मला तिसरीची काळजी वाटते, ती खोलीच्या कागदांची. कलम 29 ने भाषा जपायचा हक्क मिळतो, नगर परिषदेची खोली मिळत नाही. तुम्ही लिहिलंय करार सासऱ्यांच्या नावाने होता "बहुतेक", आणि मुदत कधी संपली माहीत नाही. उद्या नगर परिषदेने उर्दूचा विषयच न काढता नुसतं मुदत संपली म्हणून खोली मागितली तर पातूरचा निकाल काही कामाचा नाही. करार शोधा, भाड्याच्या सगळ्या पावत्या गोळा करा, मुदत संपल्यावरही त्यांनी भाडं घेतलं असेल तर त्या पावत्या जीवापाड जपा. करार संपला तरी कुणी येऊन कुलूप ठोकू शकत नाही, रीतसर कारवाई करावी लागते, पण तुम्ही नूतनीकरणाचा अर्ज आजच टाका. वाचनालय शासनमान्य असेल तर मान्यतेचं पत्र पण जोडा.

आणि अर्जावर सही कोण करणार? सासरे अध्यक्ष होते, ते गेल्यावर धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची माहिती) कुणीच दिलेला दिसत नाही, तो 90 दिवसांत द्यायचा असतो. आता उशीर माफीच्या अर्जासकट द्या. शेड्यूल-1 चा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीचा, उतारा काढा, त्यावर तुमचं नाव नसेल तर हयात विश्वस्तांनी ठराव करून त्यांच्यातल्या एकाने सही करावी, तुम्ही नको, नाहीतर सून कोण असं विचारून अर्ज बाजूला ठेवतील.

7 दिवसांच्या आत लेखी उत्तर द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. उत्तरात एवढंच लिहा की कोणत्या कलमाखाली फलक काढायला सांगताय ते कळवा, मराठी आम्ही वर घेतोय, उर्दू ठेवतोय, कागद जमवायला 15 दिवस द्या. गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो, घटनेचं कलम 350 आहे, म्हणजे हेच उत्तर उर्दूतही चाललं असतं, पण मराठीतच द्या, फाईल भाषांतराच्या नावाखाली चार महिने पडून राहायला नको.

करार सापडला की त्याच्या शेवटच्या पानाचा फोटो मला आधी पाठवा.