मशीन सुरू होण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नेफ्रॉलॉजी म्हणजे किडनीच्या विभागात समाजसेवक म्हणून रुजू झालीस, वाचून बरं वाटलं. डायलिसिसच्या खोलीत लावायला किडनी ट्रान्सप्लांटचा एक तक्ता करतेयस, त्यात काय काय घालू, असं विचारलंयस. तक्ता जरूर कर. फक्त तो डायलिसिसच्या खोलीत लावू नकोस. ओपीडीबाहेरच्या बाकांसमोर लाव, जिथं माणसं क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी किती काम करतेय ते सांगणारा, रक्ताचा रिपोर्ट घडी करून हातात धरून बसलेली असतात. मशीनवर पोचलेल्या माणसाला ही माहिती बहुतेक वेळा उशिराच मिळालेली असते. हे मला फार महागात शिकायला मिळालं, म्हणून आधी तेच सांगते.

नोकरीला लागून मला चारेक वर्षं झाली असतील. मोडनिंबकडचा एक टेलर आमच्याकडे डायलिसिसला यायचा. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचता यावी म्हणून शीर धमनीला जोडून केलेला जोड. गिऱ्हाइकांना ती फुगलेली शीर दिसू नये म्हणून भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा आणि मशीनजवळ आला की स्वतःच शिवलेलं बटण काढून बाही नीट तीन घड्या वर करायचा. भाड्याची खोली, दोन मुली, शिलाई मशीन उसनं आणलेलं. त्याच्याशी मी एसटीच्या सवलतीबद्दल बोलले, मुलींच्या फीबद्दल बोलले, पाणी मोजून प्यायचं कसं हेही सांगितलं. ट्रान्सप्लांटचा शब्द मात्र दोन वर्षांत एकदाही काढला नाही. मनात म्हटलं, ह्याला कुठून परवडणार, उगाच जीवाला आशा कशाला लावायची.

मग एकदा दिवाळीत त्याची बहीण डबा घेऊन आली. शेजारच्या खाटेवरचा पेशंट हल्ली दिसत नाही, तो कुठं गेला, असं तिनं सिस्टरना विचारलं. त्याचं ट्रान्सप्लांट झालं, आईनं किडनी दिली, हे ऐकून ती थेट माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "बाई, बहिणीची चालती का?"

बहिणीची चालते. रक्तगटही जुळला. पण तोवर त्याला हिमोग्लोबिन कमी म्हणून पाच-सहा पिशव्या रक्त चढलेलं होतं. दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं की शरीर त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करू शकतं, आणि पुढं त्याच अँटीबॉडी नव्या किडनीवर धावून जातात. तिच्या पेशींविरुद्ध त्याच्या रक्तात अशा अँटीबॉडी आहेत का हे बघणारी तपासणी, क्रॉसमॅच, पॉझिटिव्ह आली. तिची किडनी त्याला चालणार नव्हती. दोन वर्षं आधी बोलले असते तर कदाचित ती चाललीही असती. रिपोर्ट ऐकल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "मॅडम, मला कुणी बोललंच नव्हतं हो." त्याच्या खिशात किती पैसे आहेत आणि त्याच्या घरात कोण किती जीव लावणारं आहे, हे दोन्ही मी त्याला न विचारता ठरवून मोकळी झाले होते.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, ही निवड तू करू नकोस. कोण योग्य, कोण नाही हे डॉक्टर तपासून ठरवतील. पैशाचं गणित कागद पाहून मांडता येईल. तुझं काम आहे की, किडनी निकामी होत चाललेल्या प्रत्येक माणसाला त्याच्यासमोर कोणत्या वाटा आहेत ते वेळेत कळावं. आणि रक्त चढवायची वेळ आली तर, "माझं ट्रान्सप्लांट व्हायचंय, रक्ताशिवाय भागेल का? हिमोग्लोबिन वाढवायच्या इंजेक्शनवर होईल का?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला पेशंटला शिकव. टेलरनंतर मी हे एक वाक्य शेकडो जणांकडून म्हणवून घेतलं.

वेळेत म्हणजे कधी? ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा, विसाच्या आसपास उतरला की बोलणं सुरू झालेलं असावं. आधी डायलिसिस, मग ट्रान्सप्लांट, अशी पायरी बहुतेकांच्या डोक्यात असते. घरातलाच दाता तयार असेल आणि तपासण्या वेळेत झाल्या, तर एकदाही मशीनवर न जाता ट्रान्सप्लांट होऊ शकतं, आणि अशा पेशंटचं पुढं सहसा जास्त चांगलं चालतं. आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस केलं तरी १६८ तासांपैकी १२ तास रक्त गाळलं जातं. उरलेले तास शरीर सोसत असतं, आणि त्याचा भार हृदयावर पडतो.

आता सांगायचं कसं. माझ्याकडे एक कोरी वही असायची. त्यावर मी माणसाचं धड काढायचे, पाठीकडं दोन किडन्या, खाली मूत्राशय. मग तिसरी किडनी ओटीपोटात एका बाजूला काढायची आणि तिची नळी मूत्राशयाला जोडायची. जुन्या दोन्ही सहसा तशाच राहतात, काढत नाहीत. हे ऐकून माढ्याचे एक आजोबा एकदम सावरून बसले, "म्हंजे तीन हुत्यात की!" त्यांना वाटत होतं, पाठ उघडून जुन्या उपटणार आणि त्या जागी नवी बसवणार. त्या एका भीतीपायी त्यांनी आठ महिने मुलांना विषय काढू दिला नव्हता.

सांगून झालं की "समजलं का?" असं विचारू नकोस. मान सगळेच हलवतात. "आता घरी गेल्यावर मालकिणीला काय सांगाल, ते मला सांगा" असं म्हण आणि गप्प बस. मग जे बाहेर येतं त्यावरून कुठं अडलंय ते कळतं. एका बाईंनी मला सांगितलं होतं की किडनी दिलेला माणूस पुढच्या जन्मी किडनीशिवाय जन्माला येतो, असं सासूबाई म्हणतात. ही गोष्ट तक्त्यात कुणी लिहिणार नाही, पण त्या घरातला निर्णय तिथंच अडकलेला होता. अशा बाईशी वाद घालू नकोस. सासूबाईंनाच पुढच्या वेळी घेऊन यायला सांग. किडनीचा निर्णय आपल्याकडे एकटा पेशंट घेत नसतो. तो स्वयंपाकघरात, ओट्यावर, कधी मामाच्या फोनवर होतो. जमलं तर घरी जा. मी गेलेल्या घरांत ओपीडीत तोंड न उघडणारी माणसं तासभर बोलली.

दात्याबद्दल सांगताना हातचं काही राखू नकोस. ऑपरेशन आता बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून होतं, उरलेली एक किडनी थोडी मोठी होऊन जास्त काम उचलते, माणूस शेतात, नोकरीत परत जातो, हे सांग. आणि जोखीम अगदी कमी असली तरी शून्य नाही, १०,००० दात्यांमागे साधारण तिघं ऑपरेशनच्या काळात दगावतात, हेही सांग. दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन तपासायचं, डोकं-कंबर दुखली म्हणून मनानं गोळी घ्यायची नाही. आपल्याकडे पेशंटची फाइल जाडजूड होते आणि किडनी देणारी आई दोन वर्षांनी कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. तू दात्यांची वेगळी वही ठेव.

आई म्हटलं, कारण बहुतेक वेळा देणारी बाईच असते. आई, बायको, बहीण. कितीतरी जणी मनापासून देतात, आनंदानं देतात. पण काहींच्या तोंडून येणारं "हो" हे घरानं आधीच ठरवलेलं असतं. अवयव प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांमध्ये स्पष्ट लिहिलंय की दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यायची आणि तिची स्वतंत्र संमती पेशंटखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून खात्री करून घ्यायची. हे कलम नुसतं कागदावर राहू देऊ नकोस. तिला एकटीला बसव, चहा दे, नवऱ्याला औषधं आणायला खाली पाठव. "नाही म्हणायचं असेल तर आजच्याइतकी सोपी वेळ पुन्हा येणार नाही," असं मी म्हणायचे. एकदा एक तरुण मुलगी पदराचं टोक पिळत दहा मिनिटं बसून राहिली आणि मग हळूच म्हणाली, "माझं बाळ अजून अंगावर पितंय." आमच्या डॉक्टरांनी घरच्यांना एवढंच सांगितलं की तपासणीत ही दाता म्हणून बसत नाही. त्यामागचं कारण आजवर कुणाला कळलेलं नाही.

कायद्याचं तुला पाठ होईलच. अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा मूळ कायदा, २०११ ची दुरुस्ती. आईवडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको आणि दुरुस्तीनंतर आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक. बाहेरचं कुणी असेल तर प्राधिकार समितीसमोर, म्हणजे यात पैशाचा व्यवहार नाही ना हे तपासणाऱ्या समितीसमोर, जावं लागतं. चुलत्याचा मुलगा, मेहुणी हे "जवळचे" असले तरी कायद्याच्या यादीत नाहीत, ते आधीच सांग, नाहीतर लोक कागद गोळा करण्यात महिने घालवतात. आणि कुणी एजंट फोनवर "दाता मिळवून देतो" म्हणाला तर तिथंच थांबवायला सांग. पैशाच्या व्यवहाराला ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे.

रक्तगट जुळत नाही म्हणून घरी परतणारी कुटुंबं तुला दर महिन्याला भेटतील. त्यांना सांग की वाट संपलेली नाही. २०११ च्या दुरुस्तीनं अदलाबदलीला, म्हणजे स्वॅपला, परवानगी दिली आहे. एका घरात पेशंट नवरा ए गटाचा आणि देणारी बायको बी, दुसऱ्या घरात पेशंट नवरा बी आणि देणारी बायको ए, तर या बाईंची किडनी त्या घरात आणि त्यांची इकडे. अशा जोड्यांची नावं एका जागी नोंदलेली असतील तरच त्या सापडतात, तेव्हा परत पाठवण्याआधी नाव लिहून घे. रक्तगट न जुळताही विशेष उपचार करून ट्रान्सप्लांट होतं, पण खर्च आणि संसर्गाची जोखीम वाढते.

घरात कुणीच नसेल तर मेंदू मृत दात्याच्या किडनीसाठीची प्रतीक्षा यादी. आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्यांकडे, म्हणजे झेडटीसीसीकडे, हॉस्पिटलमार्फत नाव नोंदतं. नाव नोंदलं म्हणजे नंबर लागला असं लोक समजतात. वाट बहुतेक वेळा वर्षांची असते, ओ गटवाल्यांना तर फारच. फोन बदलला की कळवायचं, दात-हृदयाच्या तपासण्या ताज्या ठेवायच्या, बॅग भरलेली ठेवायची. मध्यरात्री फोन येतो, एका दात्याच्या दोन किडन्यांसाठी दोनापेक्षा जास्त जणांना बोलावलेलं असतं, आणि सकाळी काहीजण तीच बॅग घेऊन परत जातात. हे पहिल्या दिवशी सांगितलेलं असेल तर तो माणूस पुढच्या फोनलाही येतो.

पैशाचं बोलणं लांबवू नकोस. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख करायचं ठरलं. कशात काय बसतं ते आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला, सोबत घेऊन बघ. पण ऑपरेशनच्या खर्चापेक्षा मला नेहमी नंतरच्या गोळ्यांची धास्ती वाटायची. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची टॅक्रोलिमससारखी औषधं, ती किडनी असेपर्यंत रोज, ठरल्या वेळी. बरं वाटतंय म्हणून आठ दिवस सोडली आणि किडनी गेली, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा "दर महिन्याची गोळी कोण आणणार?" हा प्रश्न ऑपरेशनच्या तारखेआधी घरातल्या एका माणसाच्या नावासकट सुटलेला असू दे. लग्न ठरलेल्या, मूल हवं असलेल्या मुलींना वेगळं सांग: ट्रान्सप्लांटनंतर मूल होऊ शकतं, पण किमान वर्षभर थांबून आणि डॉक्टरांनी मायकोफेनोलेट हे पोटातल्या बाळाला घातक औषध बदलून दिल्यावरच.

नवी किडनीही जन्मभर पुरेलच असं नाही, हे लपवू नकोस. आणि काहींचं हृदय इतकं थकलेलं असतं की त्यांच्यासाठी डायलिसिस, मशीनचं किंवा घरी करायचं पोटाचं, हीच योग्य वाट असते. आपण कमी पडलो, असं त्यांना कधी वाटू देऊ नकोस.

तुझ्या पत्रात त्या प्राथमिक शिक्षकाचा उल्लेख आहे. ईजीएफआर १८, बायकोला मधुमेह, "माझं कुणी नाही" म्हणणारा. मंगळवारी ते ओपीडीला आले की वही काढ. बायकोला मधुमेह असेल तर ती बहुधा देऊ शकणार नाही, पण "कुणी नाही" हे त्यांनी कुणाला विचारून ठरवलंय ते बघ. भावंडं किती, आई आहे का, एकेक नाव लिहून घे. आणि पुढच्या तारखेला कुणालातरी सोबत आणायला सांग. जो कोणी येईल त्याच्यासाठी आतल्या खोलीत एक वेगळी खुर्ची आणि अर्धा तास राखून ठेव.

काय झालं ते मला कळव.

तुझी,
ताई