रिझर्व्ह बँक आधी खासगी होती आणि म्हणून जास्त स्वतंत्र होती, हे खरं आहे का?

खासगी होती हे खरं. ‘म्हणून स्वतंत्र’ हे साफ खोटं. या ‘म्हणून’वरून मी सख्ख्या काकांशी वीस वर्षं भांडतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

माझे आजोबा साताऱ्याला वकिली करायचे. आजोबा रिझर्व्ह बँकेचे मालक होते, असं आमच्या घरात बोललं जायचं. सहावीत असताना मी ही फुशारकी वर्गात मारली. मास्तरांनी उभं केलं आणि विचारलं, “मग नोटेवर तुझ्या आजोबांची सही का नाही रे?” वर्षभर पोरं मला ‘गव्हर्नर’ म्हणून हाक मारत होती. घरी येऊन वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, कागद काही राहिलेला नाही, जाऊ दे.

वाडा पाडायच्या वेळी माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या निघाल्या. १९३५ च्या वहीत, चुन्याच्या आणि गड्याच्या पगाराच्या मध्ये एक ओळ: ‘रिझर्व्ह बँक शेअर नग ५, रु. ५००’. मी ती ओळ किती वेळा वाचली असेन सांगता येत नाही.

बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला. भांडवल ५ कोटी, शंभर रुपयांचा एक असे ५ लाख शेअर. सरकारकडे त्यातले फक्त २ लाख २० हजार रुपयांचे, बाकी सगळे लोकांकडे. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि रंगून अशा पाच ठिकाणी भागधारकांच्या नोंदवह्या होत्या. मुंबईच्या वाट्याला १ कोटी ४० लाख, कलकत्त्याला त्याहून ५ लाख जास्त. (रंगून यासाठी की ब्रह्मदेशाच्या नोटाही हीच बँक बघायची.) पाच शेअरमागे एक मत, आणि कितीही शेअर घ्या, दहाच्या वर मतं नाहीत. म्हणजे आजोबांना बरोबर एक मत होतं. मालक म्हणायला हरकत नाही, पण खालून पहिले.

मी वही घेऊन काकांकडे गेलो. वाटलं, खूश होतील. पण त्यांनी त्याच वहीवरून उलटा सूर लावला: “बघ, लोकांची बँक होती, स्वतंत्र होती, सरकारने गिळली. बाबांना लुबाडलं.” तेव्हापासून प्रत्येक लग्नाच्या पंगतीत हेच.

आता बँक खासगी का ठेवली ते बघा. १९२६ मध्ये भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगाने स्वतंत्र मध्यवर्ती बँक सुचवली. तोवर नोटा सरकार काढायचं, १८६१ च्या कायद्यापासून, आणि सरकारची बँक म्हणून काम इम्पीरियल बँक (आजच्या स्टेट बँकेची पूर्वज) करायची. १९२७ साली विधेयक आलं आणि मालकी कोणाची यावरच अडकलं. बऱ्याच भारतीय सभासदांना सरकारी मालकीची बँक हवी होती, सरकारला कायदेमंडळाचा हात त्यात नको होता. विधेयक बारगळलं. १९३४ च्या कायद्यात भागधारकांची बँक आली. हे स्वातंत्र्य कोणापासून होतं ते कळलं ना? आपल्या निवडून आलेल्या लोकांपासून.

दिल्लीतल्या गोऱ्या सरकारपासून नव्हे. मध्यवर्ती मंडळावर सोळा जण, त्यात भागधारकांनी निवडलेले आठ. गव्हर्नर आणि डेप्युटी नेमणार सरकार. पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ, इम्पीरियल बँकेतून आलेले. विनिमय दर आणि बँक रेट (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो) यांवरून त्यांचं व्हाइसरॉयच्या कौन्सिलमधले वित्त सदस्य, म्हणजे अर्थमंत्र्यासारखे, जेम्स ग्रिग यांच्याशी वाजलं आणि १९३७ मध्ये मुदत संपण्याआधीच त्यांना राजीनामा द्यावा लागला. भागधारकांनी काय केलं? काही नाही. आजोबांचं एक मत कुठे उपयोगी पडणार होतं! बँकेच्या पहिल्या नोटा निघाल्या जानेवारी १९३८ मध्ये, त्यावर सही जेम्स टेलर यांची. म्हणजे पहिल्या गव्हर्नरचीही सही कुठल्याच नोटेवर नाही. हे सहावीत माहीत असतं तर मास्तरांना तिथेच गप्प केलं असतं.

आता लुबाडल्याचं. १ जानेवारी १९४९ ला बँक सरकारी झाली, तेव्हा गव्हर्नर आपले रोह्याचे चिंतामणराव देशमुख. शंभराच्या शेअरला भरपाई मिळाली ११८ रुपये १० आणे. वहीत नोंद आहेच: ‘रि. बँक शेअर परतीचे रु. ५९३-२-०’. बहुतेक रक्कम तीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत, उरलेली रोख. त्याआधी लाभांशही मिळायचा, सुरुवातीला वर्षाला साडेतीन टक्के, म्हणजे साडेसतरा रुपये. ही ओळ दाखवली तर काका दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, “महागाई धरली का?” महागाईचा मुद्दा बरोबर आहे, युद्धात भाव भडकले होते. पण ते भागधारकांच्या बँकेच्याच काळात भडकले, हे मात्र ते ऐकत नाहीत.

तुमच्या घरात असा कोणी असेल तर शेअर कोणाकडे होते यावर वाद घालूच नका. गव्हर्नर कोण नेमतो आणि त्याला घरी कोण पाठवू शकतो, एवढंच विचारा.

आता थोडं सावरून घेतो. सरकारी मालकीत बँक आपोआप स्वतंत्र होते असं माझं म्हणणं नाही, आजच्या बँकेबद्दल तर मी बोलतच नाहीये. आणि प्रतिक्रियांत कोणीतरी बाबासाहेबांचा विषय काढणारच, म्हणून: त्यांचं रुपयावरचं पुस्तक १९२३ चं, हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. पण त्यांचा भर रुपया कशाला बांधलेला असावा आणि किती काढावा यावर होता. बँकेचा आराखडा जसाच्या तसा त्यातून उचलला, असं म्हणणं ताणलेलं आहे.

भरपाईच्या रोख पैशांत आजीने तांब्याचा बंब घेतला होता, त्याचीही नोंद पुढच्याच पानावर आहे. बंब सध्या काकांकडे आहे. त्यांना वही हवीय, मी म्हटलं बंब द्या आणि घेऊन जा.