‘श्लॉस’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न थोडक्यात असा : जर्मनीत कॉटबुस शहराला लागून ‘श्लॉस ब्रानित्स’ आहे. प्रवासवर्णनात त्याला ‘ब्रानित्सचा किल्ला’ लिहावं की ‘राजवाडा’? आणि भोवतालच्या ‘पार्क’ला ‘बाग’ चालेल का?

किल्ला तर नकोच. हा घोळ इंग्रजीमार्गे आपल्याकडे आला आहे. लढाईसाठी तट-बुरूज घालून बांधतात त्याला जर्मनमध्ये ‘बुर्ग’ म्हणतात. धर्मसुधारक मार्टिन लूथरने लपून राहून बायबलचा नवा करार जर्मनमध्ये आणला तो वार्टबुर्ग हा खरा किल्ला. ‘श्लॉस’ म्हणजे राजेरजवाड्यांचं किंवा सरदाराचं राहतं घर. इंग्रजीत दोहोंनाही ‘कॅसल’ चालतं, मग मराठी सहलीच्या जाहिरातीत बव्हेरियाच्या राजाने बांधलेल्या ‘श्लॉस नॉयश्वानस्टाइन’चाही ‘किल्ला’ होतो. त्याचं बांधकाम सुरू झालं १८६९ साली, आणि तिथून कोणाशी लढायचा बेत कधीच नव्हता.

‘राजवाडा’ ब्रानित्सला अंगाबाहेर होतो. १७७०च्या सुमाराची, बरोक वळणाची, उतरत्या छपराची ही माफक इमारत. नेमकं बोलायचं तर हे ‘हेरेनहाउस’, म्हणजे जमीनदार धन्याचं घर. शेतीवाडीच्या कारभाराकडे बोट दाखवायचं असेल तर ‘गुट्सहाउस’. पण मालक बडा असला की गावकरी अशा घरालाही कौतुकाने श्लॉस म्हणू लागतात, आणि पुढे तेच नाव पडतं.

माझं मत ‘वाडा’ या शब्दाला. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, त्यावरून वाडा. म्हणून गुरांचाही वाडा असतो. ‘श्लॉस’च्या मुळाशी ‘श्लीसेन’ म्हणजे बंद करणं हे क्रियापद आहे, आणि जर्मनमध्ये दाराच्या कुलपालाही श्लॉसच म्हणतात. हे साम्य योगायोगाचं, त्यावर फार भार टाकू नये. खरा मुद्दा असा की दोन्ही शब्द ताणले जातात. कुलकर्ण्यांचा दोन खणी वाडाही वाडा आणि तट-बुरुजांसकट शनिवारवाडाही वाडा. तसंच ब्रानित्सही श्लॉस आणि प्रशियाच्या राजाचा पॉट्सडॅममधला सांसूसी हा महालही श्लॉस.

एक अडचण मात्र राहते. आपला वाडा आत पाहतो : चौक, चौकाभोवती ओसऱ्या, रस्त्याकडे जवळजवळ कोरी भिंत. ब्रानित्स बाहेर पाहतं. ड्रेस्डेनचं ऑपेरागृह उभारणाऱ्या गॉटफ्रीड झेम्परची मदत घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला घराची नवी मांडणी झाली, तेव्हा समोर गच्चीवजा ओटा आला, म्हणजे घरातून पाऊल थेट हिरवळीकडे. तेव्हा ‘वाडा’ लिहा, पण पहिल्याच वेळी ‘चौक नसलेला, बागेकडे तोंड केलेला’ एवढं जोडा. ‘गढी’ हा शब्दही कोणी सुचवेल. देशमुखांची गढी आणि जर्मन जमीनदाराचं घर यांचं गावातलं स्थान मिळतंजुळतं हे खरं, पण गढी म्हटली की पांढऱ्या मातीचे बुरूज डोळ्यांपुढे येतात. ब्रानित्सला ते नाहीत.

आता ‘पार्क’. इथे ‘बाग’ अपुरी पडते, आणि त्याला कारण आहे खुद्द मालक. हेर्मान फॉन प्युक्लर-मुस्काऊ (१७८५–१८७१) याने मुस्काऊ इथल्या जहागिरीत नदीच्या दोन्ही काठांवर प्रचंड उद्यान रचलं, त्यात कर्जबाजारी झाला आणि १८४५ साली ती जहागीर विकून टाकली. मधल्या काळात श्रीमंत इंग्रज बायको मिळावी म्हणून त्याने पहिल्या बायकोशी, तिच्याच संमतीने, घटस्फोटही घेतला होता! बायको मिळाली नाही. इंग्लंडहून घरी लिहिलेली पत्रं छापली, ती मात्र तडाखेबंद खपली. साठीच्या उंबरठ्यावर तो वडिलोपार्जित ब्रानित्सला आला. जमीन सपाट, रेताड, झाडंही बेताची. त्याने तळी खणवली, निघालेल्या मातीच्या टेकड्या केल्या आणि चांगली वाढलेली झाडं गाड्यांवर घालून आणून लावली.

त्याच्या रचनेत तीन पट्टे येतात. घराला लागून फुलांचे ताटवे. त्यापलीकडे फिरायला राखलेली हिरवळ, जिला तो इंग्रजीच शब्द वापरून ‘प्लेझरग्राउंड’ म्हणे. आणि सगळ्याबाहेर पार्क, ज्यात कुरणं आणि शेतंही दृश्याचा भाग म्हणून धरलेली. मराठीत ‘बाग’ म्हटलं की एकतर फुलझाडं, नाहीतर केळी-द्राक्षं. म्हणून पहिल्या पट्ट्याला ‘फुलबाग’ आणि संपूर्ण रचनेला ‘उद्यान’ म्हणावं. ‘निसर्गोद्यान’ टाळा; तिथला बराचसा ‘निसर्ग’ फावड्याने घडवलेला आहे.

तळी खणून निघालेल्या मातीतूनच तळ्यात एक पिरॅमिड उभा राहिला आणि प्युक्लरला तिथेच पुरलं. माहितीत त्याला ‘टुमुलुस’, म्हणजे कबरीवर रचलेला मातीचा उंचवटा, म्हटलेलं दिसेल. आपला ‘समाधी’ शब्द तिथे चपखल बसतो, ‘थडगं’ उगीच रुक्ष वाटतं.

जाता जाता : प्युक्लरला १८२२ साली ‘फ्युर्स्ट’ हा किताब मिळाला. इंग्रजीत त्याचं ‘प्रिन्स’ होतं, म्हणून मराठीत ‘राजपुत्र प्युक्लर’ करू नका. त्याचा बाप राजा नव्हता, काउंट होता. ‘सरदार प्युक्लर’ लिहिलं तर काही बिघडत नाही.