कानातली शिट्टी

प्रश्न : वय ७४. कानाचं यंत्र मधूनच शिट्टी मारतं. नातवंडं ओरडतात, ‘आजोबा, कुकर झाला!’ बॅटऱ्याही टिकत नाहीत. काय करावं?

उत्तर : नातवंडांचं निदान अगदीच चुकीचं नाही, इथेही गळतीच आहे. यंत्राने कानात सोडलेला आवाज फटीतून बाहेर येतो आणि पुन्हा माइकमध्ये शिरतो. साचा, म्हणजे यंत्राचा कानात बसणारा भाग, पूर्ण आत बसलाय का बघा. बसूनही वाजत असेल, तर बहुधा कानात मळ आहे. तो डॉक्टरांकडून काढून घ्या, काडी घालू नका. मळही नसेल, तर साचा सैल झालाय. नवं माप द्या.

बॅटरी झिंक-एअर असेल, तर ती हवेवर चालते. चिकटपट्टी काढून मिनिटभर उघडी ठेवा, मगच बसवा. पट्टी पुन्हा लावून बॅटरी वाचत नाही. तपकिरी पट्टीची ३१२ नंबरची बॅटरी साधारण आठवडाभर पुरते, म्हणजे कदाचित तुमची तक्रार बॅटरीला मान्यच नसेल! रात्री यंत्र बंद करून बॅटरीचं दार उघडं ठेवा. पावसाळ्यात बॅटरी काढून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवा. जुन्या बॅटऱ्या मात्र त्या विनोदी नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळल्यास तातडीने रुग्णालय गाठावं लागतं.