आयडीएल फाइल्सवरून क्लास डायग्राम: रेघा कुठे गेल्या?

प्रश्न: टेलिकॉम नेटवर्क मॅनेजमेंटची कॉर्बावर (वेगवेगळ्या संगणकांवरचे प्रोग्राम एकमेकांशी बोलायची पद्धत) चालणारी एक जुनी प्रणाली (टीएमएफ ८१४ या टेलिकॉम मानकाचे इंटरफेस) सांभाळायला आमच्याकडे आली आहे. डिझाइनचे कागद नाहीत, फक्त आयडीएल फाइल्स (इंटरफेस आणि डेटाचे टाइप लिहून ठेवलेल्या) आहेत. यूएमएल (सॉफ्टवेअरच्या रचनेची चित्रं) टूलमध्ये इम्पोर्ट केल्यावर चौकोनांचा ढीग आला, पण त्यांना जोडणाऱ्या रेघा जवळजवळ नाहीत. टूल बदलावं का? — एक वाचक, पुणे

उत्तर: टूल बदलून फारसं काही हाती लागणार नाही. रेघा टाइपडेफमध्ये, म्हणजे एखाद्या टाइपला दिलेल्या दुसऱ्या नावात, अडकल्या आहेत. ‘मॅनेज्डएलिमेंटलिस्ट_टी’ म्हणजे ‘मॅनेज्डएलिमेंट_टी’चा सीक्वेन्स (यादी). बरीच टूल्स या नावाचा वेगळा चौकोन काढतात आणि तिथेच थांबतात. टाइपडेफ सोलून आतल्या स्ट्रक्टपर्यंत (फील्डच्या गटापर्यंत) गेलात, तरच रेघ मिळते. अमर्याद सीक्वेन्स असेल तर रेघेवर ०..* (शून्य ते कितीही) लिहा, मर्यादा १० असेल तर ०..१०, आणि ४ घरांचा अ‍ॅरे असेल तर नुसते ४.

यासाठी ओम्निआयडीएल हे आयडीएल वाचणारं टूल घ्या. ते आयडीएल पार्स करून पूर्ण ट्री पायथनच्या हाती देतं. बॅकएंडमध्ये (त्याला जोडायच्या तुमच्या पायथन कोडमध्ये) एक व्हिजिटर (ट्रीच्या प्रत्येक घटकावर फिरणारा कोड) लिहून प्लँटयूएमएलचा (मजकुरावरून डायग्राम काढणारं टूल) मजकूर छापायचा, एवढंच काम. टाइपडेफ काढायला त्यात ‘अनएलियस’ आहे, पण अ‍ॅरेचा टाइपडेफ आला की ते थांबतं. शिवाय ते फक्त वरचे थर काढतं, म्हणून सीक्वेन्सच्या आतल्या टाइपवर ते पुन्हा चालवावं लागतं.

मात्र इथे डोळे झाकून सोलत गेलात तर फसाल. ‘नेमिंगअ‍ॅट्रिब्यूट्स_टी’, म्हणजे दुसऱ्या ऑब्जेक्टचा पत्ता, हा ‘एनव्हीएसलिस्ट_टी’चाच टाइपडेफ आहे, आणि ती यादी म्हणजे नाव-मूल्य अशा स्ट्रिंगच्या जोड्या. ‘अ‍ॅडिशनलइन्फो’ या किरकोळ माहितीच्या फील्डचा टाइपही ‘एनव्हीएसलिस्ट_टी’च. शेवटपर्यंत सोललं की दुसऱ्या ऑब्जेक्टचा पत्ता आणि सटरफटर माहिती, दोन्ही सारखीच दिसू लागतात. म्हणून स्वतःचा लूप लिहा आणि ‘नेमिंगअ‍ॅट्रिब्यूट्स_टी’पाशी थांबा.

या प्रणालीतले खरे संबंध नेमके याच टाइपमध्ये दडलेले आहेत. ‘टोपोलॉजिकललिंक_टी’मधले ‘एएंडटीपी’ आणि ‘झेडएंडटीपी’ ही टर्मिनेशन पॉइंटची नावं आहेत, पण आयडीएलच्या लेखी त्या नुसत्या स्ट्रिंगच्या याद्या. कुठलंही टूल ही रेघ आपणहून काढणार नाही. एका छोट्या टेक्स्ट फाइलीत ‘स्ट्रक्ट, फील्ड, लक्ष्य’ अशा ओळी हाताने लिहा आणि बॅकएंडला त्या वाचायला लावा. या रेघा तुटक आणि वेगळ्या रंगात काढा, कारण त्या फाइलीतून आलेल्या नाहीत, तुमच्या अंदाजातून आलेल्या आहेत.

बाकीचे नियम सोपे. स्ट्रक्टमध्ये स्ट्रक्ट असेल तर कंपोझिशन (एक दुसऱ्याचा भाग), भरलेल्या ♦ चिन्हासह. इंटरफेसचा रेफरन्स असेल तर साधी असोसिएशन (नुसता संबंध). पॅरामीटर आणि ‘रेझेस’ (ऑपरेशन कुठलं एक्सेप्शन फेकू शकतं त्याची यादी) यांच्या डिपेंडन्सी (अवलंबनाच्या रेघा) मात्र सुरुवातीला बंदच ठेवा. इथे जवळजवळ सगळी ऑपरेशन्स ‘प्रोसेसिंगफेल्युअरएक्सेप्शन’ फेकतात, त्यामुळे सगळ्या रेघा त्या एकाच चौकोनावर जाऊन आदळतात आणि चित्र वाचता येत नाही. ‘मॅनेज्डएलिमेंटइटरेटर_आय’सारखे इटरेटरही (मोठी यादी तुकड्यांत देणारे इंटरफेस) गाळा, त्यांत फक्त ‘नेक्स्ट_एन’सारखी तीनचार ऑपरेशन्स असतात. एका मॉड्यूलला एक डायग्राम. दुसऱ्या फाइलीतून आलेले टाइप राखाडी, रिकाम्या चौकोनात दाखवा. इन्क्लूड केलेली फाइल ‘मेनफाइल’ (घटक मुख्य फाइलीतला आहे का, हे सांगणारं फंक्शन) तपासून सरसकट गाळलीत, तर तिथला पॅरेंट इंटरफेसही गायब होतो.

प्रश्न: हेच कॉमच्या (मायक्रोसॉफ्टची कॉम्पोनंट पद्धत) आयडीएलला चालेल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही. चौकोनी कंसातल्या यूयूआयडीपाशीच (इंटरफेसच्या ओळखक्रमांकापाशीच) ओम्निआयडीएल सिंटॅक्स एरर देईल. तिथे डॉक्सिजन (कोडवरून डॉक्युमेंटेशन बनवणारं टूल) वापरा. ते मायक्रोसॉफ्टचं आयडीएल वाचतं आणि ‘हॅव्ह_डॉट’ हे सेटिंग चालू केलं, ग्राफव्हिझ (आलेख काढणारं टूल) बसवलेलं असलं, की इनहेरिटन्सचं चित्र देतं. मूळ आयडीएल हरवलं असेल तर ओलेव्ह्यू या मायक्रोसॉफ्टच्या टूलमध्ये टाइप लायब्ररी (इंटरफेसच्या वर्णनाची बायनरी फाइल) उघडून त्यातलं बरंचसं परत मिळवता येतं. त्यात कमेंट्स मात्र नसतील, कारण टाइप लायब्ररीत त्या साठवल्याच जात नाहीत.