प्रादेशिक परिषदेत वेळ घालवू का?

प्रश्न : तत्त्वज्ञानात पीएच.डी.चं दुसरं वर्ष सुरू आहे. एका प्रादेशिक परिषदेने माझा निबंध स्वीकारला आहे. मार्गदर्शक म्हणतात, "त्यात वेळ घालवू नकोस, जर्नलकडे बघ." जाऊ की नको?

उत्तर : जा. मार्गदर्शकांचं अर्धं म्हणणं खरं आहे. परिषदेतलं वाचन म्हणजे प्रकाशन नव्हे, आणि नोकरीच्या अर्जात त्याला लेखाइतकं वजन नसतं. पण नावाजलेल्या जर्नलांकडून दहातले नऊ लेख परत येतात, तेही कित्येक महिन्यांनी, अनेकदा कारण न सांगता. आपला युक्तिवाद कुठे गळतो, हे त्याआधी कळलेलं बरं.

प्रबंध लिहिताना पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आपणच मांडतो आणि आपणच खोडतो. साहजिकच तो सोयीचा निघतो! परिषदेत तो दुसऱ्याच्या तोंडून येतो. माझ्या पहिल्या वाचनाला सहा श्रोते होते, त्यातले दोघे पुढच्या वक्त्यासाठी आलेले. उरलेल्यांपैकी एकाने विचारलं, "जे सिद्ध करायचंय ते तुम्ही व्याख्येतच घातलंय, नाही का?" घातलं होतं. अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. हाच प्रश्न मौखिक परीक्षेत आला असता तर?

अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनची अधिवेशनं ईस्टर्न, सेंट्रल आणि पॅसिफिक अशा तीन विभागांची वेगवेगळी भरतात. तिथे निबंधावर बोलायला बहुधा एक भाष्यकार आधीच नेमलेला असतो. तुमच्या परिषदेत तशी सोय आहे का, विचारून घ्या. नसेल तर ओळखीतल्या एखाद्या अभ्यासकाला निबंध आधी पाठवा.

आपलं वाचन झालं की बॅग उचलून निघू नका. १९०० साली पॅरिसच्या तत्त्वज्ञान परिषदेत इटालियन गणितज्ञ पेआनो यांचा चर्चेतला काटेकोरपणा पाहून ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी त्यांचं सगळं लिखाण मागून घेतलं; रसेल यांच्या तर्कशास्त्राला तिथून वळण मिळालं. ती परिषद आंतरराष्ट्रीय होती, मान्य. पण छोट्या परिषदेत ज्येष्ठांना गाठणं उलट सोपं जातं.

आधी शुल्क मागून दोन दिवसांत सगळेच निबंध स्वीकारणारी परिषद असेल, तर मात्र मार्गदर्शकांचंच ऐका.

वाचायला अख्खं प्रकरण नेऊ नका. ज्या मुद्द्याची तुम्हाला स्वतःलाच धास्ती वाटते, तोच न्या. आलेले आक्षेप त्याच रात्री लिहून काढा आणि परतल्यावर तो कागद मार्गदर्शकांपुढे ठेवा.